पंपाजवळ वाचायचा कागद
(कृषी विभागाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारी खात्यात प्रसिद्धीचं काम म्हटलं की बातमी, फ्लेक्स आणि मंचावरचा फोटो एवढंच डोळ्यांपुढे येतं. आज मी एका साध्या कागदाबद्दल बोलणार आहे, पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, फवारणीच्या घडीपत्रिकेबद्दल. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून या कागदातली चूक ही नुसती छपाईची चूक राहिलेली नाही.

आधी हे ठरवा की कागद वाचणार कोण. पत्रिका मिळते वावराच्या मालकाला, औषध कालवतो बरेचदा रोजानं आलेला मजूर. तोही बांधावर, ओल्या हातानं, उन्हात. म्हणजे मात्रेचा तक्ता आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. तो घडी न उघडता दिसेल अशा शेवटच्या पानावर, निदान १४ पॉइंटात हवा. पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो टाकायचा आग्रह होतो. तिथे डोमकळीचा, म्हणजे बोंडअळी लागलेल्या फुलाचा, जवळून घेतलेला फोटो असू द्या. पाकळ्या मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं ते फूल ओळखता आलं तर अळी कुठे लपली आहे ते माणसाला कळतं.

आता मात्रा. शिफारस असते १० लिटर पाण्याला. गावात पाठीवरचा फवारणी पंप असतो १५ किंवा १६ लिटरचा. १० लिटरला ४ मिली म्हणजे १६ लिटरला ६.४ मिली. हा गुणाकार बांधावर कोणी करत नाही, बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओततात, आणि प्रत्येक कंपनीचं झाकण निराळं. म्हणून तक्त्यात १० लिटर आणि १६ लिटर असे दोन्ही रकाने द्या. ६.४ चे ६ करायचे की ७, हे मात्र विषयतज्ज्ञानं लेखी ठरवावं, टायपिंग करणाऱ्या मुलावर सोडू नये. पॉवर पंपाचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा तक्त्याच्या डोक्यावरच ‘साध्या पंपासाठी’ असं लिहा.

टिंबाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘.५ मिली’ छापलं आणि टिंब पुसट उठलं, की वाचणारा ५ मिली वाचतो. मात्रा थेट दहापट! म्हणून ‘अर्धा मिली’ असं अक्षरी लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना आणखी घोटाळे होतात. ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ झालेलं निदान दिसतं तरी. पण काही फॉन्टमध्ये आडव्या रेघेच्या जागी टिंब येतं, आणि ‘२-३’चं ‘२.३’ झालेलं कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणजे ‘२ ते ३’ असं लिहायचं, आणि मुद्रितशोधन दोघांनी मिळून करायचं. एकानं मूळ शिफारस मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफवर प्रत्येक आकड्याला खूण करायची. एकट्यानं मनातल्या मनात वाचलेलं प्रूफ मी तपासलेलं मानत नाही.

एकरंगी छपाईत अजून एक फसगत होते. औषधाच्या लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषाची तीव्रता कळते. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. काळ्या शाईत चारही करडेच दिसतात. दुरंगी-चौरंगीसाठी पैसा नसेल तर प्रत्येक त्रिकोणात रंगाचं नाव लिहा. त्याखाली चौकटीत: त्रास झाला तर १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला विष कोणतं ते त्या लेबलवरूनच कळतं.

भाषेचं काय करायचं? ‘प्रादुर्भाव आढळून आल्यास योग्य ती उपाययोजना करण्यात यावी’ हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे आणि शेतात निरुपयोगी आहे. कोणी, कधी, काय करायचं? त्याऐवजी लिहा: ‘एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा. एका सापळ्यात रोज बोंडअळीचे ८ किंवा जास्त पतंग, असे सलग ३ दिवस सापडले, की फवारणीची वेळ झाली.’ निंबोळी अर्काचंही तसंच. ‘५ टक्के’ या शब्दानं काही होत नाही. ५ किलो निंबोळ्यांचा चुरा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, पाणी घालून १०० लिटर करा, असं लिहिलं की काम होतं. ‘पऱ्हाटी’, ‘वावर’ हे शब्द छापायला संकोचू नका.

छपाईला देण्याआधी कच्ची प्रत कृषी केंद्रावर पाच जणांना दाखवा आणि एवढंच विचारा, “मग पंपात किती टाकाल?” दोघं अडखळले तर मजकूर बदला. झरी-जामणीचे कोलाम पोड, म्हणजे वस्त्या, किंवा मेळघाटातली कोरकू गावं, तिथे मराठी पत्रिका देऊन भागत नाही. कोलामी किंवा कोरकू घरी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात मिनिटभराचा निरोप ध्वनिमुद्रित करा आणि मोबाइलवर, भोंग्यावर फिरवा.

कागदाचं थोडक्यात सांगतो. ए-फोरच्या तीन भागांत आत जाणारं पान ९७ मिलिमीटर, बाकी दोन १०० ठेवा. तिन्ही ९९ केली की आतलं पान घडीत चुरगळतं.

वेळ चुकली तर हे सगळं वाया. बोंडअळीची पत्रिका पोळ्याच्या आत हातात पडली पाहिजे. पोळा भरतो तेव्हा गाव एका जागी असतं, आणि अमावस्येच्या आसपास पतंग अंडी घालतात म्हणून डोळा ठेवायची वेळही तीच. तिथून मागे मोजा: वाटपाला आठ दिवस, छपाईला आठ, तपासणीला आठ. म्हणजे मजकूर तीन-साडेतीन आठवडे आधी पक्का हवा. गठ्ठा ग्रामपंचायतीत टाकून येणं म्हणजे वाटप नव्हे. आठवडी बाजारात आणि औषधाच्या दुकानात, बाटलीसोबत द्या.

वृत्तपत्रासाठी जिल्हा माहिती कार्यालयाकडे मजकूर पाठवताना सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो पाठवू नका. तालुक्याचा वार्ताहर तो मोबाइलवर पुन्हा टाइप करतो आणि आकडे तिथेच बिघडतात. युनिकोडमध्ये दीड-दोनशे शब्द द्या, मात्रा पहिल्या दोन परिच्छेदांत.

आणि प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी हंगाम आणि छपाईची तारीख टाकाच. शिफारशी बदलतात, मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे कपाशीवर सर्रास वापरलं जाणारं औषध २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बंदीच्या यादीत घातलं. ते नाव असलेले जुने गठ्ठे आपल्या कपाटांत असतील, तर परत गेल्यावर आधी ते बाहेर काढा आणि फाडा. मेळाव्यात पत्रिका कमी पडल्या की हात त्याच गठ्ठ्यांकडे जातो.