शेगडीवरचा मसाला आणि नाशिकची बाटली

(दृश्य: जाळीवर तीन रंगांचे चिकनचे तुकडे. खाली निखारे.)

चिकन असेल तर व्हाईट वाईन, मटण असेल तर रेड. हा नियम शेगडीपाशी आला की लंगडा पडतो. जाळीवर भाजलेल्या तुकड्याची चव मांसाची कमी आणि त्याला चोळलेल्या वाटणाची जास्त असते. एकाच कोंबडीचे तुकडे घ्या. काही मलई टिक्क्यासाठी साय आणि काजूत मुरवा, काही कोथिंबीर-पुदिन्याच्या हिरव्या वाटणात, काही कोल्हापुरी मसाल्यात. कोंबडी तीच, पण तिघांना तीन वेगळ्या बाटल्या लागतील.

म्हणून दुकानात जाण्याआधी मांसाचा विचार बाजूला ठेवायचा आणि वाटणाकडे बघायचं. तिखट किती? आंबट किती? गोड किती? आणि आपण भाजणार किती काळं?

(दृश्य: नाशिक परिसरातला द्राक्षमळा, पहाटेची तोडणी.)

नाशिकच्या वाईनचा स्वभाव समजला तर निवड सोपी जाते. युरोपात द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्यामुळे घड हिवाळ्यात भरतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. फेब्रुवारीनंतर उन्हाचा ताव वाढतो, तशी मण्यातली साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा उतरतो. इथली शिराझ ही रेड वाईन पिकलेल्या फळाच्या चवीची, मऊ असते ती याच उन्हामुळे. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी द्राक्षं मात्र आंबटपणा टिकवण्यासाठी लवकर तोडतात. राजीव सामंत यांच्या सुला या नाशिकच्या वाईन कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली ती याच दोन द्राक्षांच्या जोरावर. शेगडीसाठी त्यातली शेनिन ब्लाँ आमच्या मते जास्त कामाची आहे. का, ते आता बघू.

(दृश्य: लाल मिरच्यांचं वाटण, ब्रशनं तुकड्यांवर लावताना.)

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेताग्रांना चेतवतं. अल्कोहोलही त्याच चेताग्रांना हळवं करतं. तिखट टिक्क्यावर साडेचौदा टक्क्यांची दणकट रेड वाईन प्यायली की तोंडाचा जाळ वाढतो तो यामुळे. शिवाय रेडमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं, तुरट करतं. भाजलेली जीभ आणि त्यावर तुरटपणा, असा दुहेरी मार बसतो. बुडबुड्यांची स्पार्कलिंगही जहाल तिखटावर झोंबतेच.

तिखटाला गोडवा शांत करतो. नाशिकच्या बऱ्याच शेनिन ब्लाँमध्ये थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते, आणि वर आंबटपणाही असतो. कोल्हापुरी किंवा मालवणी मसाल्यातल्या चिकनला हीच बाटली घ्यावी. लेबलवर अल्कोहोलचा आकडा छापलेला असतो. तिखट जेवणासाठी तो तेराच्या आत असलेला बरा.

काश्मिरी मिरचीच्या तंदुरी टिक्क्याचं तसं नाही. त्याचा रंगच भडक, तिखटपणा बेताचा आणि दह्याचा आंबटपणा पुढे. तिथे कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रोझे ही गुलाबी वाईन छान बसते: व्हाईटसारखी थंड आणि रेडसारखी किंचित फळांची. हिरव्या वाटणाच्या टिक्क्याला सोव्हिन्यों ब्लाँ. तिला मुळातच हिरव्या पाल्याचा, ढोबळी मिरचीच्या जातीचा वास असतो आणि तो पुदिना-कोथिंबिरीशी जुळतो. मलई टिक्क्याला कोरडी स्पार्कलिंग. साय आणि काजूचा जिभेवरचा थर बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात.

(दृश्य: मटणाच्या सीख कबाबातून चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडतात, ज्वाळा उसळतात.)

आता शिराझकडे वळू. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझच्या मिरीसारख्या वासामागचं द्रव्य शोधून काढलं. त्याचं नाव रोटुंडोन, आणि काळ्या मिरीतही तेच असतं. थंड हवेतल्या शिराझमध्ये ते जास्त, उष्ण हवेत कमी. म्हणून सीख कबाबाच्या खिम्यात लाल तिखट हात राखून घाला आणि ताजी कुटलेली मिरी सढळ हातानं टाका. जे बाटलीत कमी आहे ते ताटातून येतं. खिम्यात चरबी वीस टक्क्यांच्या आसपास असू द्या. चरबी, प्रथिनं आणि मीठ, तिन्हींमुळे टॅनिनचा तुरटपणा मऊ पडतो. कोरड्या, चरबी नसलेल्या कबाबावर तीच शिराझ कडवट लागते आणि आपण उगाच वाईनला नावं ठेवतो.

ओकच्या पिंपात मुरवलेली रिझर्व्ह शिराझ असेल तर आणखी एक धागा जुळतो. ही पिंपं आतून आगीवर शेकलेली असतात. लाकडातलं लिग्निन तापून ग्वायाकोलसारखी धुराच्या वासाची द्रव्यं तयार होतात, आणि लाकडाच्या धुरातही तीच असतात. पण इथेच घोटाळाही होतो. कबाब काळा पडला तर त्याचा करपटपणा आणि पिंपाचा कडूपणा यांची बेरीज होते. म्हणून वाईन महाग असेल तर आग सांभाळा.

आग सांभाळायची म्हणजे काय? कोळसा पेटवल्यावर पंचवीस-तीस मिनिटं थांबायचं, वर राखेचा पांढरा थर येईपर्यंत. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढायचे, म्हणजे ज्वाळा उसळली की तुकडा दुसऱ्या बाजूला सरकवता येतो. वाटण थबथबलेलं नको. दही टांगून घट्ट केलेलं हवं, कारण ठिबकणारं वाटण आणि चरबी यांचीच काजळी होऊन मांसावर बसते. मध किंवा गूळ असेल तर शेवटच्या पाच मिनिटांतच लावायचा. आणि कोळसा पेटवायला रॉकेल नको. तो वास आधी मांसात शिरतो, मग पेल्यातही तोच येतो. तेलात भिजवलेला कापूस किंवा नारळाची शेंडी पुरते.

(दृश्य: बाटलीतला गोड बार्बेक्यू सॉस, चिकनच्या पंखांवर.)

बाजारातल्या बार्बेक्यू सॉसमध्ये साखर भरपूर असते. त्यावर कोरडी वाईन घेतली की ती आंबट, पाणचट लागते. वाईन निदान पदार्थाइतकी तरी गोड हवी. त्यामुळे इथेही शेनिन ब्लाँच, किंवा गोडसर झिनफँडेल रोझे. सॉस टोमॅटोचा, आंबटाकडे झुकणारा असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली या वाईन कंपनीची सांजोवेझे बघा. मूळ इटलीचं हे द्राक्ष रेड असूनही आंबटपणात तरतरीत आहे.

लिंबाबद्दलही एक सूचना. भाजून झाल्यावर वरून सढळ लिंबू पिळायची आपली सवय असते. पदार्थ वाईनपेक्षा आंबट झाला की वाईन बेचव होते. लिंबू हवंच असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ घ्या, शिराझ नको.

(दृश्य: केळीच्या पानात गुंडाळलेला बांगडा, कोळंबीच्या सीखा.)

बांगड्यावर रेड वाईन प्यायल्यावर तोंडात जो उग्र, हिवसट वास राहतो, त्याचं कारण २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. वाईनमधलं लोह. त्यांनी सुकवलेल्या स्कॅलॉपसोबत वाईन चाखून पाहिल्या. जिच्यात लोह जास्त, तिच्यासोबत हा वास जास्त. बांगडा तेलकट मासा, म्हणून त्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नका. गोव्याच्या रेशाद मसाल्यातल्या बांगड्यात व्हिनेगर आणि तिखट दोन्ही असतं, तेव्हा गोडसर शेनिन ब्लाँ. साध्या मीठ-हळद-लसणाच्या कोळंबीला स्पार्कलिंग.

रायगडची पोपटी हीही आपली हिवाळ्यातली बार्बेक्यूच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, चिकन, आणि बाहेरून आग. तिखट जवळजवळ नाही, वास मात्र पाल्याचा आणि ओव्याचा. सोव्हिन्यों ब्लाँची यापेक्षा चांगली सोबत आम्हाला तरी सुचत नाही.

पनीर, मशरूम, कणीस यांचाही न्याय वाटणावरूनच. कणसाला लिंबू-तिखट चोळलं की ते तिखट-आंबटाच्या खात्यात गेलं.

(दृश्य: बादलीत बर्फ आणि पाणी, बाटल्या.)

सगळी निवड अचूक करूनही तापमानात फसगत होते. रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी होता. आपल्याकडची बत्तीस अंशांची शिराझ म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपकारा. तिला सोळा ते अठरा अंशांवर आणायची, म्हणजे फ्रिजमध्ये साधारण दीड तास किंवा बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. व्हाईट आणि रोझे आठ ते बारा, स्पार्कलिंग सहा ते आठ अंश. बादलीत नुसता बर्फ टाकू नका. खड्यांच्या मध्ये हवा राहते. निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ असेल तर व्हाईट वीसेक मिनिटांत तयार होते.

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच पेले बसतात. शेगडीच्या आसपास शंभर मिलीच ओता, नाहीतर शेवटचा घोट कोमट होतो. सहा जणांना तीन बाटल्या पुरतात, आणि त्यांतली रेड एकच असू द्या. वारा धूर ज्या बाजूला नेतो, तिकडे बसायची जागा नको. धूर नाकात गेला की वाईनचा वास कळतच नाही.

दुकानात काचेच्या खिडकीत उन्हात उभी बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं, टोपणाखाली चिकट ओघळ किंवा व्हाईटचा रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला, तर ती उष्णतेनं गेलेली असू शकते. शेनिन, सोव्हिन्यों आणि रोझे ताज्याच प्याव्यात. लेबलवरचं वर्ष गेल्या दोन वर्षांतलं बघा.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस चालते. स्पार्कलिंग त्याच रात्री संपवा. तिच्या तोंडात चमचा अडकवून बुडबुडे टिकत नाहीत, त्यासाठी घट्ट बसणारं खास झाकण लागतं.