हरभऱ्यातलं पिल्लू

श्रोतेहो, नमस्कार. हरभऱ्याची काढणी सुरू झाली की शेतात हमखास एक प्रसंग घडतो. विळा चालता चालता अचानक थांबतो. समोर मुठीएवढं सशाचं पिल्लू अंग चोरून बसलेलं असतं, डोळे टक्क उघडे. "आई टाकून गेली वाटतं," असं म्हणत कुणीतरी ते ओंजळीत घेतं.

लहानपणी मीही असंच एक घरी आणलं होतं. कापसाच्या बोळ्यानं गायीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात ताठ पडलेलं होतं. त्याची आई गेलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या मराठीत ससा हा एकच शब्द आहे, प्राणी मात्र दोन. पिंजऱ्यात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. पिंजऱ्याचा कोपरा तो सारखा उकरतो ना, ती बिळाचीच सवय. त्याची पिल्लं महिनाभरात जन्मतात, तीही उघडी-नागडी, डोळे मिटलेली. बिळाची ऊब असते, म्हणून तसं चालतं.

आपल्या माळावरचा ससा वेगळा. मानेमागे काळा डाग, शेपटीची वरची बाजू काळी, पाय लांब. हा बीळ खोदत नाही. गवतात अंगानं दाबून केलेला उथळ खळगा, एवढंच त्याचं घर. कुत्रं मागे लागलं तर शिरायला बीळ नाही, मग वाकडंतिकडं पळत सुटायचं. ससेहोलपट हा शब्द या सशालाच शोभतो! या दोघांचा संकर होत नाही. पेशीतली गुणसूत्रंच पाळीव सशाची 44 आणि याची 48.

बीळच नाही, म्हणून याची पिल्लं पोटात जास्त दिवस राहतात आणि अंगावर लव, डोळे उघडे अशी तयार होऊनच जन्मतात. आई दिवसभर मुद्दाम लांब थांबते. ती जवळ घोटाळली तर कोल्ह्याला पत्ता लागेल. अंधार पडला की येते, काही मिनिटं पाजते, परत निघून जाते.

तेव्हा असं पिल्लू दिसलं तर तेवढी चार झाडं उभी ठेवा, कुत्री बांधून घाला. यंत्र येणारच असेल तर मूठभर गवतासकट उचलून जवळच्याच बांधाच्या आडोशाला ठेवा. घरी नेऊ नका. वन्यजीव कायद्यानंही तो गुन्हाच आहे. दिवेलागणीनंतर त्याची आई त्याला शोधत तिथंच येणार आहे.