तलवार कुणाची पडते?

नमस्कार मंडळी.

चिंचोके टाकून अष्टचंग खेळताना तुमचं एकदा तरी भांडण झालंच असेल. पाहुणा सोंगटी सरळ आतल्या घरात न्यायला निघतो आणि आपण ओरडतो, "अगोदर एक तरी मार, मंग आत जा!" तो म्हणतो, आमच्या गावात असं नाही. दोघंही खरं बोलत असतात. खेळ तोच, पण नियम घरचे.

अशाच घरच्या नियमांची गोष्ट आज सांगतो, फक्त खेळ दूरचा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो आणला. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे योद्धा, जादूगार, वैद्य होऊन त्या गोष्टीत शिरतात. घाव बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अमरावतीला शिकणारा माझा भाचा दिवाळीला फासे घेऊन आला आणि पुसदकडच्या आमच्या गावात, कापसाच्या गंजीला टेकून, पाच जणांचा खेळ सुरू झाला. सूत्रधार मी.

पहिला घरचा नियम मीच केला, आणि मला तो फार आवडला होता. फाशावर एक पडला की हातातली तलवार खाली पडणार. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. खेळ पुढे सरकला, योद्धा पाचव्या पातळीवर गेला. या पातळीपासून त्याला एका पाळीत दोन घाव घालता येतात. तेव्हा योद्धा झालेला पोट्टा म्हणाला, "मामा, मी जसजसा हुशार होऊन रायलो, तसतशी माही तलवार जास्त पडून रायली. हे कसं?"

मी वही काढली. वीस बाजूंतली एक, म्हणजे एका फाशाला शंभरात पाच वेळा. दोन फासे टाकले तर निदान एकावर एक येण्याची शक्यता पावणेदहा टक्के. विसाव्या पातळीवर योद्धा चार घाव घालतो, तिथे ती साडेअठराच्या वर जाते. नवशिक्याच्या हातात तलवार टिकते आणि वस्तादाच्या हातून निसटते! उलट जादूगार आगीचा गोळा फेकतो तेव्हा फासा त्याला टाकायचाच नसतो, समोरचा टाकतो बचावासाठी. त्याचं कधीच काही पडत नाही. लिहिताना यातलं काहीही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग दुरुस्ती केली: पाळीतला पहिला फासाच मोजायचा. नवशिका असो की वस्ताद, सारखे पाच टक्के.

दुसरा नियम आमच्या शेजाऱ्याच्या हट्टाने आला. पुस्तकाप्रमाणे आठ तास आराम केला की जखमा साफ बऱ्या होतात. तो म्हणाला, "वावरात बाभळीचा काटा मोडला तं मी आठ दिवस लंगडतो, अन् याची तलवारीची जखम एका रातीत बरी?" म्हणणं रास्त होतं. आम्ही जखमा हळूहळू भरायचं ठरवलं. दोन बैठकांत वैद्य झालेली भाची वैतागली. तिच्या सगळ्या मंत्रशक्ती मलमपट्टीतच संपायच्या. "मी काय सरकारी दवाखाना हाय का?" तो नियम त्याच रात्री मोडीत काढला.

तेव्हापासून एका वेळी एकच नियम बदलतो. दोन बदलले की बिघडलं कशाने ते कळत नाही; एकाच वावरात नवं बियाणं आणि नवं खत टाकल्यासारखं. आणि नियम कागदावर लिहून शेजारच्या गावातल्या पोट्ट्यांना देतो, मी कोपऱ्यात बसतो, तोंड उघडत नाही. हे गप्प बसणं फार जड जातं बरं. त्यांनी तलवारीचा नियम वाचला आणि पहिल्याच लढाईत राक्षसाने पडलेली तलवार उचलून योद्ध्यालाच हाणली. कुणी उचलायची, हे मी लिहिलंच नव्हतं!

एक नियम मात्र आम्ही न तपासता पक्का केला होता, कारण त्यात तपासण्यासारखं काय असणार? फासा कापसात गेला तर परत टाकायचा. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की भाच्याचे वाईट फासेच तेवढे गंजीकडे घरंगळतात. फाशाला त्याचं बोट कधी लागायचं देव जाणे. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बायकोकडून सूप मागून आणलं.

आता फासे सुपात पडतात. भाचा थोडा उदास आहे.

नमस्कार.