वाडग्यातून गळणारा पैसा

मित्रहो, कुत्र्याच्या खर्चाचा विषय निघाला की लोक आधी सवलती विचारतात. कुठे स्वस्त मिळतं, कशावर काय फुकट आहे, कूपन कुठलं चालतं. त्यातलं मी आज काहीच सांगणार नाही. सवलत आज असते, उद्या नसते, आणि दुकानदारही शेवटी धंदाच करायला बसलेला असतो. कुत्रे तपासण्याच्या माझ्या कामात मला दिसतं ते असं, की बहुतेक घरांतला पैसा दोन वाटांनी जातो. गरजेपेक्षा जास्त दिलेलं खाणं आणि त्यातून उभी राहणारी दुखणी, ही पहिली वाट. वेळच्या वेळी न केलेला लहानसा खर्च, ही दुसरी. बाकी नक्षीदार पट्टे, गाद्या, कपडे, वाढदिवसाचा केक ही आपली हौस. हौसेला मोल नसतं हे मान्य, फक्त ती कुत्र्याच्या खात्यावर लिहू नका. त्याने मागितलेलं नाही.

तर आधी वाडगा. तुमच्या कुत्र्याला दिवसाला किती लागतं, हे इथे किती जणांना माहीत आहे? हात फार वर आलेले दिसत नाहीत. काहीजण म्हणतील, पाकिटावर लिहिलंय तेवढं. पाकिटावरचा तक्ता हा सरासरीचा अंदाज असतो आणि पुष्कळ घरबशा कुत्र्यांना तो जास्तच होतो. आम्ही एक सूत्र वापरतो, ते घरीही जमण्यासारखं आहे. कॅलक्युलेटर घ्या. कुत्र्याचं वजन किलोमध्ये टाका, त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. जे येईल त्याला ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी या. नसबंदी झालेला, नेहमीसारखं फिरणारा प्रौढ कुत्रा असेल तर त्याच्या १.६ पट. दहा किलोच्या कुत्र्याला हा हिशोब साधारण ६३० कॅलरींवर येतो. पिल्लं, गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्र्या आणि आजारी जनावरं यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांना विचारा.

या सूत्रात एक गंमत आहे. चाळीस किलोचा कुत्रा दहा किलोच्या कुत्र्याच्या चौपट खात नाही, तो साधारण पावणेतीन ते तीन पट खातो. म्हणजे मोठा कुत्रा खाण्यात वाटतो तितका महाग नाही. तो महाग पडतो औषधांत, कारण गोळी असो, भूल असो, गोचिडांचं औषध असो, मात्रा वजनावर ठरते. अजून कुत्रा आणला नसेल आणि हात आखडता असेल, तर जात ठरवतानाच हे लक्षात घ्या. चपट्या तोंडाच्या जातींचं तर विचारूच नका. श्वासाची, डोळ्यांची, कातडीच्या घड्यांची दुखणी त्या जन्मतः घेऊन येतात, आणि बिल आयुष्यभर चालू राहतं.

आता भाव. पोत्याचा भाव बघू नका, किलोचाही नको. हजार कॅलरींना काय पडतं ते बघा. एका कोरड्या खाद्यात किलोला ३३०० कॅलरी असतात, दुसऱ्यात ४०००. आपल्या दहा किलोवाल्याला पहिलं रोज १९१ ग्रॅम लागेल, दुसरं १५८. दहा किलोचं पोतं पहिल्या बाबतीत ५२ दिवस जाईल, दुसऱ्या बाबतीत ६३. किलोला थोडं महाग दिसणारं खाद्य रोजच्या हिशोबात स्वस्त पडतं ते असं. डब्यातलं ओलं खाद्य याच मापाने मोजलं की डोळे उघडतात, कारण त्याचा तीन चतुर्थांश भाग किंवा त्याहूनही जास्त नुसतं पाणी असतं. काही कुत्र्यांना ते लागतं, लघवीच्या किंवा दातांच्या तक्रारीत तर आम्हीच देतो, पण चवीसाठी द्यायचं तर कोरड्यात दोन चमचे मिसळून काम भागतं. त्या दोन चमच्यांच्या कॅलरी तेवढ्या वजा करा.

आणि मोजा वजनकाट्यावर. वाटीने नाही, मापाच्या कपानेही नाही. तोच कप घरातली दोन माणसं वेगळा भरतात, एकजण सपाट, दुसरा शीग लावून. रोज वीस ग्रॅम जास्त पडले तर वर्षाला सात किलोच्या वर खाद्य उगाच जातं. ते वाया गेलं असतं तरी परवडलं असतं! ते जातं कुत्र्याच्या कमरेवर. ट्रीट्सही याच हिशोबात धरा, दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. सर्वांत स्वस्त ट्रीट म्हणजे सकाळी काट्यावर मोजलेल्या त्याच खाद्यातली मूठभर बाजूला काढून खिशात टाकायची. कुत्र्याला हातून काहीतरी मिळाल्याशी मतलब.

मोठं पोतं स्वस्त पडतं हे खरं, पण कुत्रा लहान असेल तर नाही. पोतं फोडलं की आतल्या चरबीला हवा लागते आणि ती खवट व्हायला लागते. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या. डब्यात ओतू नका, मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा. पिशवीचं आतलं अस्तर त्यासाठीच असतं, आणि काही गडबड झाली तर बॅच नंबरही हाताशी राहतो.

कुत्रा जाड आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, केसाळ जातींत तर अजिबातच नको. हात वापरा. एक हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं बोटांच्या मागच्या हाडांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर वजन छान आहे. तोच हात उलटा करून तळव्याकडून तीच हाडं चाचपा. बरगड्या अशा दबलेल्या लागल्या तर कुत्रा जाड आहे. मूठ आवळल्यावर सांधे जसे टोचतात तशा बरगड्या लागल्या तर तो फार हडकुळा आहे. ही परीक्षा महिन्यातून एकदा करायची. फुकट आहे, आणि माझ्या मते आज मी सांगतोय त्यात सर्वांत जास्त पैसे वाचवणारी हीच.

असं मी का म्हणतो? प्युरिना या खाद्य बनवणाऱ्या कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर एक प्रयोग चालवला, आणि २००२ मध्ये आयुर्मानाचे निष्कर्ष छापून आले. जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं, पिल्लूपणापासून शेवटपर्यंत. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे ज्याच्या पुढे जगले तो आकडा, १३ वर्षं निघालं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. आयुष्य वाढलं हे तर आहेच, पण आजच्या विषयासाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची: सांधेदुखीवर औषध सुरू करायची वेळ कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. म्हाताऱ्या, वजनदार कुत्र्याच्या सांध्यांच्या गोळ्या, त्यासाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या, हे सगळं तीन वर्षं पुढे ढकललं गेलं, तेही वाडग्यात कमी टाकून. खाद्य विकणाऱ्यानेच हे सिद्ध करावं, याला काय म्हणावं!

मागून कुणीतरी विचारतंय की मग घरीच शिजवलं तर? विचारा, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. उरलंसुरलं देणं आणि कुत्र्यासाठी संपूर्ण आहार शिजवणं यांत मोठा फरक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. नुसतं मांस आणि भात देत राहिलं की कॅल्शियम कमी पडतं, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. नीट करायचं तर आहारतज्ज्ञाने बांधून दिलेली कृती लागते, तिच्यात खनिजांची पूड येते, आणि एवढं केल्यावर ते कोरड्या खाद्याहून स्वस्त राहीलच असं नाही. आवडीने करा, पण बचत म्हणून करू नका. उरलंसुरलं देताना कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) घातलेलं गोड यांतलं काही गेलं, तर त्या एका घासात वर्षभराची बचत जाऊ शकते. शिजवलेली हाडंही नकोत, ती धारदार तुकड्यांत फुटतात.

उलट दिशेची चूकही आहे. संपूर्ण आणि संतुलित असं लिहिलेलं खाद्य देणाऱ्याने वर जीवनसत्त्वांच्या बाटल्या आणू नयेत. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचं टॉनिक देणं तर सरळ नुकसान आहे, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची हाडं वेडीवाकडी वाढू शकतात. पैसे देऊन दुखणं विकत घ्यायचं, नंतर ते बरं करायला पुन्हा पैसे. धान्यविरहित, म्हणजे ‘ग्रेन फ्री’ खाद्याचंही तेच. कुत्रा धान्य पचवू शकतो. माणसाच्या सोबतीत राहून लांडग्यापेक्षा त्याची पिष्ट पचवण्याची क्षमता वाढलेली आहे. खरी धान्याची ॲलर्जी असलेले कुत्रे थोडे असतात. पाकिटावरच्या त्या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

आता जिथे हात आखडू नये ती जागा. पिल्लाच्या लसींचा क्रम अर्धवट सोडू नका, शेवटचा डोस ते सोळा आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं झाल्यावर पडला पाहिजे. पार्व्हो हा आतड्यांचा विषाणूजन्य रोग झालेलं पिल्लू दिवसेंदिवस सलाईनवर ठेवावं लागतं आणि तरी जगेल याची खात्री नसते. पण इथेही डोळसपणे खर्च करा. प्रौढ कुत्र्याला डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरसची लस दरवर्षी लागत नाही. पिल्लूपणचा क्रम आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की तीन वर्षांच्या आत ती पुन्हा देऊ नये, असं वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशनचं मार्गदर्शन आहे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाची) मात्र वर्षाला लागते, आणि रेबीजची तुमच्या भागातल्या कायद्याप्रमाणे. कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, यंदा नेमकी कुठली द्यायची? चांगला डॉक्टर रागावत नाही.

गोचीड आणि पिसवांचं औषध वजनाच्या गटांत येतं. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटण्याची युक्ती बरेच जण करतात. गोळीत औषध सगळीकडे सारखं असेलच असं नाही, त्यामुळे एकाला कमी जातं, एकाला जास्त. ही युक्ती सोडा. त्याऐवजी औषध घ्यायच्या आधी कुत्र्याचं वजन करा. गटाच्या सीमेवर असलेला जाडा कुत्रा अर्धा किलो उतरला तरी खालच्या, स्वस्त गटात बसतो. पुन्हा आपण वाडग्याशीच आलो पाहा. आणि पिसवा दिसल्या तर नुसत्या कुत्र्यावर पैसे घालू नका. अंगावर दिसतात त्या थोड्या, अंडी आणि अळ्यांचा मोठा साठा अंथरुणात आणि सतरंजीत असतो. गरम पाण्याची धुलाई आणि व्हॅक्यूम हे औषधाच्या अर्ध्या कामाचं आहे. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका, मांजराचा जीव जाऊ शकतो.

दातांना रोज ब्रश. माणसाची पेस्ट चालत नाही, कुत्र्याचीच घ्या किंवा नुसता ओला ब्रश फिरवा. पूर्ण दात साफ करायचे तर भूल द्यावी लागते, म्हणून ते बिल मोठं. चघळायला काय द्यायचं याची परीक्षा: अंगठ्याचं नख त्यात रुतलं पाहिजे. शिंग, जाड हाड, कडक नायलॉन यांनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि मग एक तर ती काढा नाहीतर रूट कॅनल करा.

खेळण्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुना टॉवेल पसरा, त्यात मोजलेलं खाद्य पेरा, गुंडाळून द्या. पंधरा मिनिटं कुत्रा गुंतून राहतो. मोजे मात्र कधीच खेळायला देऊ नका, आतड्यात अडकलेल्या मोज्याची शस्त्रक्रिया कुठल्याही खेळण्यापेक्षा महाग. नखं घरी कापता येतात, केस घरी विंचरता येतात. पूडलसारखे सतत वाढणारे केस असतील तर क्लिपर विकत घेणं लवकरच वसूल होतं. दुहेरी केसांच्या (वर राठ, खाली मऊ थर असलेल्या) कुत्र्याचा मात्र उन्हाळा आला म्हणून गोटा करू नका.

डॉक्टरांकडे बोलायला संकोचू नका. माझ्यासमोर बसलेला माणूस खर्च ऐकून गप्प होतो, हो म्हणतो, आणि मग औषध अर्धवट सोडतो. त्यापेक्षा आधीच सांगा, माझ्याकडे एवढंच आहे. बऱ्याच दुखण्यांत एकापेक्षा जास्त वाटा असतात, आज करायच्या तपासण्या आणि थांबू शकणाऱ्या तपासण्या वेगळ्या काढता येतात, जेनेरिक औषध लिहून देता येतं. फक्त घरातली माणसाची वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही.

शेवटी विम्याचं, कारण चिठ्ठ्यांमध्ये तोच प्रश्न तीनदा आलाय. विमा कुत्रा तरुण आणि निरोगी असतानाच घ्यायचा, आधीपासून असलेलं दुखणं बहुतेक पॉलिसी देत नाहीत. वजावट, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, किती, सुरुवातीचा थांबण्याचा काळ किती, वर्षाची कमाल मर्यादा किती, हप्ता वयाबरोबर किती वाढतो, हे चार आकडे वाचा, बाकी जाहिरात सोडून द्या. विमा नको असेल तर तेवढाच हप्ता दरमहा वेगळ्या खात्यात टाका. हा मार्ग शिस्तीच्या माणसाला जमतो, पण त्यातला धोका हा की खातं भरायच्या आधीच कुत्रा मोजा गिळू शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं विमा आणि सोबत थोडी साठवण, पुढे साठा झाला की हप्ता पाहून ठरवा, असं मी सांगतो. चला, आता चिठ्ठ्या घेऊ.