शिकार तुझी, जेवण माझं!

नमस्कार मंडळी! नागपूरच्या उन्हातून थेट मुद्द्यावर येतो. आज चोरांबद्दल बोलू. माणसांतल्या नाही, त्यांच्यासाठी बातम्या आहेतच.

तरस म्हटलं की आपण म्हणतो, सिंहाच्या उष्ट्यावर जगणारं जनावर. १९६०च्या दशकात प्राणी-अभ्यासक हान्स क्रूक यांनी आफ्रिकेतल्या टांझानियात ठिपकेवाल्या तरसांचा रात्री पाठलाग केला. दिसलं उलटंच. तिथल्या गोरोंगोरो भागात बऱ्याचदा शिकार तरसांची असायची, गलका ऐकून सिंह यायचे आणि त्यांना हुसकावून ताव मारायचे. सकाळी बघणाऱ्याला काय दिसणार? सिंह जेवतोय, तरसं घुटमळताहेत. बदनाम कोण, बघा!

आपल्या पेंचमध्येही बिबट्यानं मारलेलं वाघ हिसकावतो. पण ही झाली दांडगाई. मला भारी वाटते ती अकलेची चोरी.

हिंगणा रोडला वस्ती विरळ झाली की तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी दिसतो. गुरांच्या पायांनी किडे उडाले की झडप घालतो. इथवर कष्टाची कमाई. पण जवळ साळुंक्या चरत असल्या, तर कधी कधी हा चक्क शिक्र्याचा, म्हणजे पाखरं मारणाऱ्या शिकारी पक्ष्याचा, आवाज काढतो. त्या भुर्र, किडा याचा!

आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातला याचा जातभाई तर महाबिलंदर. मीरकॅट, म्हणजे मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी, जमीन उकरून विंचू, अळ्या काढतात. याला उकरता येत नाही. मग हा वर बसून पहारा देतो. ससाणा दिसला की खरीच आरोळी ठोकतो, मीरकॅट पळतात, वाचतात. आणि कुणाच्या तोंडात लठ्ठ विंचू दिसला, की खोटी आरोळी! टॉम फ्लॉवर यांच्या अभ्यासात याचं जवळपास पाव पोट चोरीवर भरत होतं.

'लांडगा आला रे'मधला पोरगा फसला, कारण हाक तीच होती. हा पठ्ठ्या हाक बदलतो. एक चालेना, की मीरकॅटचीच किंवा दुसऱ्या पक्ष्याची. आणि मीरकॅट तरी काय करणार? विंचू गेला तर दुसरा मिळेल, ससाणा खरा निघाला तर?

जाता जाता एक आठपायी चोर. मोठ्या कोळिणीच्या जाळ्यात टिकलीएवढा चंदेरी कोळी राहतो. स्वतःचे धागे तिच्या जाळ्याला जोडतो, भक्ष्य अडकल्याची थरथर त्यालाही कळते. ती दुसरीकडे गुंतली, की गुंडाळून ठेवलेला किडा पळवतो. कधी जाळंच खातो. आणि मालकीण कात टाकून मऊ पडली असेल, तर तिलाच.