घास उतरेना

[दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. मांडवाखाली माना वर करून काम करणारी माणसं.]

अण्णांच्या हातून कात्री निसटायला लागली, तेव्हा मानेचं दुखणं अंगावर काढायचे दिवस संपले होते. मानेतली गादी सरकून नस दाबत होती. जूनमध्ये नाशिकला ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी हाताच्या मुंग्या थांबल्या. मग चहाचा पहिला घोट घेतला आणि जोराचा ठसका लागला. मऊ भातसुद्धा गळ्याखाली उतरेना.

माईंना वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

[दृश्य : मानेच्या आतली रचना दाखवणारं रेखाचित्र.]

बिघडलं नव्हतं. मणका मागे, म्हणून ऑपरेशनही मागून, असं आपण धरून चालतो. पण ही गादी काढायला सर्जन बहुतेक वेळा गळ्याच्या बाजूने जातात. 1950च्या दशकापासूनची ही पद्धत. तिकडून मज्जारज्जूला न हलवता गादीपर्यंत पोचता येतं. वाटेत मात्र अन्ननलिका, मणक्यांना अगदी लागून. तिला आणि श्वासनलिकेला ऑपरेशनभर बाजूला ओढून धरावं लागतं. मग सूज येते. आवाजाची नस ताणली गेली, तर आवाजही बसतो. एकाहून अधिक गाद्यांचं काम असलं, वय झालेलं असलं, तर त्रास जास्त. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा रेंगाळतो.

पण मान भराभर सुजली, श्वास अडायला लागला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं.

अण्णांची गिळण्याची तपासणी झाली. बेरियम कालवलेला घास गिळताना एक्स-रेवर हलतं चित्र दिसतं. पातळ पाणीच श्वासनलिकेकडे वळत होतं. म्हणून थेरपिस्टनं पाणी दाट करून, ताठ बसून, चमच्याचमच्यानं घ्यायला सांगितलं.

हे ऑपरेशनच्या आधी कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं असतं, तर माईंच्या कितीतरी रात्री रडण्यात गेल्या नसत्या. संमतीपत्रात ती ओळ होती. वाचून कुणी दाखवली नाही.

[दृश्य : ऑक्टोबर. बागेत छाटणी सुरू. बांधावर जेवण.]

दुधात कुस्करलेल्या भाकरीवरून अण्णा आता कोरभर भाकरीवर आलेत. जेवताना बोलत नाहीत. माईंचं ताट तसंच, नजर त्यांच्या गळ्यावर.

"अहो, पाणी सावकाश."