याग्य मात्रा

मंडळी, तो डावीकडचा पंखा बंद केलात तर बरं होईल, माझे कागद उडतायत. आभार.

आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘एडीएचडीच्या औषधाची याग्य मात्रा’. ‘योग्य’मधल्या ‘यो’ची मात्रा गळली आहे. तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे इथे आल्या आल्या मला आधी तेच दिसलं. आता दुःखाची गोष्ट सांगते. या पत्रिकेचं प्रूफ मीच तपासून दिलं होतं.

हसा, हसा. माझं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चुळबुळीच्या दुखण्याचं, निदान एक्कावन्नाव्या वर्षी झालं. नातवासाठी आलेली प्रश्नावली मुलगी मोठ्यानं वाचत होती आणि प्रत्येक प्रश्नाला घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. हे आनुवंशिक असतं, त्यामुळे नातवाकडे ते कुठून आलं याचा शोध तिथेच संपला. पण निदानावर बोलायला बरेच लोक आहेत. मला बोलायचंय ते मात्रेवर, आणि त्यासाठी आधी माझी आजी.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणाचंही बाळ असो, बाळगुटी आजी उगाळायची. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ. सहाणेवर आईच्या दुधाचे दोन थेंब आणि प्रत्येकाचा एकेक वेढा. सुरुवात कायम एका वेढ्यानं. मग चार दिवस नुसतं बघायचं. शी कशी झाली, झोप कशी लागली, रडणं पोटाचं की भुकेचं. मग एखाद्याचा वेढा वाढायचा, एखाद्याचा कमी व्हायचा. जायफळाच्या बाबतीत तर ती कुणाचंच ऐकायची नाही. एक वेढा जास्त झाला तर पोर दुधाच्या वेळेलाही उठत नाही, म्हणायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘अहो, आमचा बाळ्या केवढा गुटगुटीत, त्याला दुप्पट नको का?’ आजी म्हणाली, ‘गुटी काय चरबीला द्यायची आहे?’ हल्लीचे बालरोगतज्ज्ञ गुटी देऊ नका म्हणतात, आणि त्यांचं ऐकावं. मला आजीची जायफळं नकोत, तिचं ते चार दिवस बघणं हवंय.

आमच्या औषधाचं नाव मिथाइलफेनिडेट. १९४४मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा या औषध कंपनीतल्या लेआंड्रो पानिझॉन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडानं रीटा. म्हणून औषध ‘रिटालिन’. आपल्याकडे फार तर बंगल्याला नाव मिळतं, तेही सासूबाईंचं उरलं तर!

बरं, हे औषध आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. नियमाला माझी हरकत नाही, गैरवापर होतो म्हणूनच तो आहे. पण गंमत बघा. ज्या दुखण्यात माणसाचे कागद हरवतात, त्याच्या औषधाला कागद दोन लागतात! पहिल्या महिन्यात मी शनिपारापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत एकेक दुकान विचारत गेले. बहुतेकांकडे ते नव्हतंच. एकानं चष्म्यावरून बघत विचारलं, ‘कुणासाठी?’ माझ्यासाठी म्हटल्यावर म्हणाला, ‘या वयात?’ शेवटी एका दुकानात सापडलं, तेव्हा चिठ्ठीची दुसरी प्रत घरी फ्रिजवर. परत घरी. फ्रिजवर प्रत नव्हती, ती पर्समध्येच होती, पर्सच्या त्या कप्प्यात, जो...

काय? पाच मिनिटं? आत्ताशी तर मी विषयावर येत होते.

मग भराभर ऐका. मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन परत शोषलं जातं, त्याला हे औषध अडवतं, म्हणून ती जास्त वेळ कामी येतात. किती गोळी लागेल हे मोठ्या माणसाच्या वजनावरून ठरत नाही. काकूंनी लक्षात घ्यावं. मला पाच मिलिग्रॅमपासून सुरू केलं, सकाळी एक आणि दुपारी एक. मग दर आठवड्याला थोडं वाढवत गेले, डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनानं नाही. दिवसाला साठच्या वर सहसा जात नाहीत, पण साठ हे काही गाठायचं ठिकाण नव्हे.

पाचला काही नाही. दहाला डोळा ओळीवर टिकायला लागला. पंधराला एक फर्मा, म्हणजे छापायच्या पानांचा एक गठ्ठा, न उठता वाचून झाला. मला वाटलं, वीस म्हणजे आणखी छान. विसाच्या आठवड्यात मी एका स्वल्पविरामापाशी तासभर बसले. छाती धडधडत होती, जेवणावर वासना नव्हती, आणि मी स्वतःवर प्रचंड खूश होते. जास्त झालंय हे घेणाऱ्याला कळत नाही, ते असं.

ते कळलं आमच्या ह्यांना. नोंदवही ठेवायला सांगितली होती. मी दोन हरवल्या, म्हणून हे कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे: गोळीची वेळ, जेवण, झोप, आणि मी त्यांच्या विनोदाला हसले तर ‘ह’. विसाच्या आठवड्यात एकही ‘ह’ नव्हता. मी म्हटलं, विनोद वाईट असतील. पण तेच विनोद आधीच्या आठवड्यात चालले होते. डॉक्टरीणबाईंनी ते पान बघितलं, नाडी आणि रक्तदाब घेतला आणि मला पंधरावर परत आणलं. तिसऱ्या दिवशी ‘ह’ आला.

तेव्हा मात्रा जोखायला रोज एकच कंटाळवाणं काम ठरवा, ते रोज त्याच वेळी करा, आणि बघायला घरातलं दुसरं माणूस नेमा. हृदयाचं काही असेल तर गोळीच्या आधी सांगा. औषध घेणाऱ्या मुलांचं वजन आणि उंची मोजत राहा. दुपारची गोळी उशिरा घेतली तर रात्रीची झोप जाते. आठ ते बारा तास चालणाऱ्या गोळ्याही असतात, त्या चावायच्या नाहीत.

गोळीचा असर उतरताना होणाऱ्या चिडचिडीबद्दल राहिलंच. ते मात्र मला घाईत सांगायचं नाही. साधी गोळी तीन-चार तास टिकते, मी एकला घेतली होती आणि आता पावणेपाच झालेत. प्रश्न विचारायचे तर पटकन विचारा.